चॅनलचा टेक स्पेकचा कागद आलाय: १०८० आय ५०, अप्पर फील्ड, मायनस २३ लफ्स, एम अँड ई... कुणी नीट समजावेल का?

कोथरूडचा_कटर

नमस्कार मंडळी. ढोलताशा पथकांवरची एक डॉक्युमेंटरी एडिट करतोय, अर्ध्या तासाचा स्लॉट म्हणजे ब्रेक सोडून २२ मिनिटं. आत्तापर्यंत माझं काम म्हणजे यूट्यूब आणि लग्नाचे व्हिडिओ, एक्सपोर्ट मारला, लिंक पाठवली, विषय संपला. ह्यावेळी एका चॅनलला द्यायचंय आणि त्यांनी चार पानी कागद धाडलाय. त्यातलं जे डोक्यावरून गेलं ते लिहितो: १०८० आय ५०, अप्पर फील्ड फर्स्ट, टाइमकोड १०:००:००:०० पासून आणि त्याच्या आधी बार्स आणि टोन, लाउडनेस मायनस २३ लफ्स, ट्रू पीक मायनस ३, ट्रॅक १-२ फुल मिक्स आणि ३-४ एम अँड ई, टेक्स्टलेस वेगळं, रंग लीगल रेंजमध्ये, शिवाय फ्लॅशिंगची टेस्ट.

फुटेजची अवस्था अशी की मेन कॅमेरा २५ वर आहे, ड्रोनवाल्याने ३० वर उडवलंय, आणि पथकातल्या पोरांनी मोबाईलवर काढलेल्या क्लिप्स आहेत ज्यांचा फ्रेमरेट कुठे २९ पॉइंट काहीतरी दाखवतो कुठे ३० पॉइंट काहीतरी. सराव सगळा संध्याकाळनंतरचा, नदीपात्रात, आणि मोबाईलच्या क्लिप्समध्ये मागचे दिवे नुसते लपलपतायत. शिवाय गेल्या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीच्या लाइव्हचं रेकॉर्डिंग चॅनलनेच दिलंय, ते पॉज केलं की टिपरू दोनदा दिसतं. आवाजाचं तर विचारूच नका, ताशा सुरू झाला की मीटर लाल.

आणि डायरेक्टर म्हणतो सगळं २४ वर कर, सिनेमा वाटतो. त्याला काय सांगू? सुरुवात कुठून करू तेवढं तरी सांगा, सीक्वेन्स (एडिटची टाइमलाइन) अजून लॉक नाहीये.

नळस्टॉप_ऑनलाइन

लॉक नाहीये हे फार बरं झालं, आता पहिलं काम सीक्वेन्स २५ चा कर आणि डायरेक्टरला चहा पाज.

२४ चं भूत बऱ्याच जणांच्या मानेवर बसलेलं असतं. बोलपट आले तेव्हा आवाजासाठी फिल्मची पट्टी एकाच ठराविक वेगाने पळणं गरजेचं झालं म्हणून २४ पक्कं झालं, थिएटरला आजही तेच. टीव्हीचं गणित वेगळं, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे युरोपसारखं सेकंदाला २५ फ्रेम आणि ५० फील्ड (फील्ड म्हणजे अर्धी फ्रेम, एकाआड एक ओळी). अमेरिकेत ६० हर्ट्झ म्हणून ३०, आणि १९५३ ला रंगीत आलं तेव्हा ते २९.९७ झालं. ड्रॉप फ्रेम टाइमकोडची सगळी भानगड त्या २९.९७ मुळेच आहे, तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो म्हणून आकडे गाळत जावं लागतं (फ्रेम गाळत नाहीत, फक्त आकडे). तू २५ वर आहेस, त्या वाटेला जाऊच नकोस.

आता डायरेक्टरला हे सांग: २४ वर कापलेला सिनेमा टीव्हीवर दाखवताना वर्षानुवर्षं काय करत आलेत तर सरळ २५ ने पळवतात, ४ टक्के जलद. २ तासांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदात संपतो. तुझी २२ मिनिटं होतील २१ मिनिटं ७ सेकंद, स्लॉटमध्ये ५३ सेकंदांचं भगदाड, वर ढोलाची पट्टी चढणार आणि लय पळणार. ज्याने आयुष्यभर पथकात वाजवलंय त्याला ते पहिल्या ठेक्याला कळेल आणि तो तुला फोन करेल. बाकी २४ आणि २५ समोरासमोर लावून कुणाला डोळ्यांनी फरक ओळखता आला तर मी त्याला मिसळ खायला घालीन. सिनेमा वाटणं हे लाइटमध्ये आणि शटरमध्ये असतं.

ड्रोन ३० चं आहे आणि त्याला आवाज नाहीये ना, मग क्लिप २५ म्हणून इंटरप्रिट कर (सॉफ्टवेअरला सांग की ही २५ चीच आहे), वेग ८३.३३ टक्के होईल, एकही फ्रेम वाया जाणार नाही आणि शॉट उलट छान तरंगतो. नुसतं टाइमलाइनवर टाकलंस तर सॉफ्टवेअर दर सेकंदाला ५ फ्रेम फेकतं आणि पॅन अडखळत जातो, मोठ्या पडद्यावर लगेच दिसतं. मोबाईलच्या क्लिप्स मात्र आधी धुवून घे. त्यांचा फ्रेमरेट स्थिर नसतो, प्रकाश कमी झाला की फोन स्वतःच्या मनाने वेग बदलतो, म्हणून तुला ते पॉइंट काहीतरी दिसतंय. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून स्थिर फ्रेमरेट करून मगच आत घे नाहीतर लांब क्लिपला टिपरू पडेल एकीकडे आणि आवाज येईल भलतीकडे.

टाइमकोड १० तासापासून का, तर बार्स आणि टोन (रंग आणि आवाज जुळवायचे रंगीत पट्टे आणि शिट्टी) प्रोग्रामच्या आधी ठेवायचे असतात, शून्यापासून सुरू केलंस तर त्याच्या मागे जाताना आकडा २३:५९ होतो आणि मशीन गोंधळतं. टेपच्या काळची सोय आहे, अजून चालू आहे.

पाटीवाला_पुणेकर

कागदावर शेवटी "अधिक माहितीसाठी संपर्क" असं लिहिलेलं असतं. संपर्क दुपारी १ ते ४ सोडून करावा.

कोथरूडचा_कटर

@पाटीवाला 😂 केला होता, ते म्हणाले कागद वाचा.

@नळस्टॉप दादा, हे सोन्यासारखं आहे. पण मग आय कशाला? मेन फुटेज तर २५ पी आहे, आय केल्यावर खराब नाही का होणार? आणि दिवे लपलपतात त्याला इलाज आहे का?

स्किमर_धर_रे

दिव्यांचं मी सांगतो, कॅमेऱ्यावर काम करतो.

५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद उघडं असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण लाटा मोजून पकडल्या जातात, उजेड सारखा राहतो. फोनने ठेवलं असेल १/६० नाहीतर १/१२०, मग एका फ्रेमला लाट जास्त पुढच्याला कमी, झालं लपलप. हॅलोजनची तार तापलेली राहते म्हणून तिच्यात हे कमी दिसतं, स्वस्तातल्या एलईडी फ्लडला मात्र कसलाच धरबंद नसतो आणि नदीपात्रात हल्ली तेच लावतात. पुढच्या वेळी पोरांना सांग, फोनमध्ये प्रो मोड, २५ फ्रेम, शटर १/५०, आणि ऑटो बंद. २४ वर शूट करायचाच हट्ट असेल तर शटर अँगल (शटर किती वेळ उघडं ते अंशात) १८० नको, १७२.८ ठेव, त्याचं बरोबर १/५० होतं. १८० ला १/४८ येतं आणि मग बारीक धडधड राहते, सेटवरच्या छोट्या मॉनिटरवर दिसत नाही, ग्रेडिंगला बसलं की दिसते. ह्यासाठी रीशूट झालेलं बघितलंय, आणि लाईट दादांना शिव्या बसल्या ज्यांचा काही संबंध नव्हता.

आता जे शूट झालंय त्याला रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये डीफ्लिकर आहे, फ्री वाल्यात नाही. पूर्ण फ्रेम लपलपत असेल तर बरंच निघतं. पण आडवे पट्टे वरून खाली सरकत असतील तर ते फारसं जात नाही, तो शॉट छोटा ठेव आणि त्याच्यावर कट मार, प्रेक्षक ढोल बघतोय, दिवा नाही.

ओबी_काका

आय चं उत्तर आणि विसर्जनाच्या रेकॉर्डिंगचं उत्तर एकच आहे म्हणून मी लिहितो.

तुझं मेन फुटेज २५ पी (प्रोग्रेसिव्ह, आख्खी फ्रेम एकदम) आहे, ते आय ५० (इंटरलेस्ड, फील्डवालं) च्या डब्यात घातलं तरी बिघडत नाही. एक फ्रेम दोन फील्डमध्ये वाटली जाते, एकात १, ३, ५ अशा ओळी दुसऱ्यात २, ४, ६, पण दोन्ही एकाच क्षणाच्या असतात, टीव्ही परत जोडून घेतो. लाइव्हचं तसं नाही. ओबी व्हॅनमधून (बाहेरून लाइव्ह पाठवणारी गाडी) जे जातं ते खरं इंटरलेस्ड, सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण, म्हणून क्रिकेटचा चेंडू आणि ढोलाचं टिपरू सुळकन जातं, गुळगुळीत दिसतं. तू पॉज केलंस की दोन क्षणांच्या ओळी एकमेकांत अडकलेल्या दिसतात, कंगव्याच्या दातांसारख्या, तेच तुझं दोनदा दिसणारं टिपरू. तो बिघाड नाही, टीव्हीवर चालताना दिसणार नाही. ते फुटेज १०८० आय ५० च्या सीक्वेन्सवर जसंच्या तसं टाक, झूम करू नकोस, वेग बदलू नकोस. झूम केलंस की ओळी ओळींवर चढतात आणि कचरा होतो. करायचाच असेल तर आधी डीइंटरलेस कर (फील्डच्या आख्ख्या फ्रेम बनव) मग झूम. आणि अप्पर फील्ड फर्स्ट म्हणजे वरची ओळ असलेला क्षण आधीचा, एचडीला असंच असतं. उलटं निघालं तर हात पुढे मागे पुढे मागे करत हलताना दिसतात, एडिटच्या कॉम्प्युटरवर कळणार नाही कारण तो प्रोग्रेसिव्ह दाखवतो. एखाद्या खऱ्या टीव्हीवर लावून बघ आणि शेवटची नावं वर सरकतात ती नीट बघ, गडबड असली तर तिथे पहिली दिसते.

अलका चौकात मी बऱ्याच विसर्जनांना व्हॅनमध्ये बसलोय. लोकांना वाटतं की आता पाठीवरची बॅग आली, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची ८-१० सिम, सगळ्यांचा डेटा एकत्र करून चित्र पाठवते, मग व्हॅन कशाला. बाकी ३६४ दिवस बरोबर आहे. विसर्जनाच्या दिवशी मानाचे पाच लक्ष्मी रोडवरून चौकात येईपर्यंत लाखभर फोन त्याच टॉवरवर लाइव्ह करत असतात आणि बॅगेतली सगळी सिम माना टाकतात. मग छत्रीवाली व्हॅनच लागते. उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर, सिग्नल वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद, त्यात एन्कोडिंगचा वेळ वेगळा. म्हणूनच स्टुडिओतून प्रश्न विचारल्यावर रिपोर्टर नुसता मान हलवत उभा असतो, त्याला ऐकू यायचं असतं अजून. आणि त्याच्या कानात जो आवाज जातो त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वजा करून पाठवावा लागतो, मिक्स मायनस म्हणतो आम्ही. तो वजा करायला विसरलं की बिचाऱ्याला स्वतःचंच वाक्य उशिराने कानात येतं आणि चांगला बोलणारा माणूस तोतरा होतो. समोर ढोल, कानात स्वतःच, आणि पीसीआरमधून (स्टुडिओची कंट्रोल रूम) कुणीतरी ओरडतंय वाइंडअप वाइंडअप.

तर मुद्दा, त्या रेकॉर्डिंगचा आवाज वापरताना तपास, कुठल्या चॅनलवर फक्त माइक आहे आणि कुठल्यावर अँकरसकट सगळं आहे. क्लीन फीड मागून घे, चॅनलनेच दिलंय तर त्यांच्याकडे असेल, नाहीतर खालची पट्टी आणि लोगो तुझ्या डॉक्युमेंटरीत जाईल.

आवाज_बंद_कर_ना

ताशाचा विषय आला म्हणून लॉगिन केलं. मी साउंड मिक्सिंग करते.

मायनस २३ हा आकडा युरोपच्या आर १२८ मधला, २०१० चा. त्याआधी सगळे पीक मीटरवर मिक्स करायचे, मग जाहिरातवाले आवाज दाबून दाबून सपाट करायचे, पीक तेवढाच पण कानाला दुप्पट मोठा, आणि लोक ब्रेक लागला की रिमोट शोधायचे. लफ्स मोजतो ते कानाला एकूण किती मोठं वाटलं ते, पूर्ण २२ मिनिटांचं मिळून. आणि त्यात गाळणी आहे, अगदी शांत जागा तो हिशोबातच धरत नाही, म्हणजे चार शांत सीन टाकून सरासरी खाली आणू असा हुशारपणा चालत नाही.

तुझ्या कामात गंमत अशी की हा मीटर ढोल आणि ताशाला सारखा वागवत नाही. मोजताना खालचा खर्ज कापतो आणि साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचं ४ डीबीने वाढवून धरतो, कारण कानाचंही जवळपास तसंच आहे. म्हणजे छातीत धडकणारा ढोल मीटरला कमी दिसतो आणि ताशाची तडतड त्याला लगेच टोचते. त्यामुळे आकडा वर गेला की ढोल खाली घेऊन उपयोग नाही, ताशा बघ. आख्ख्या मिक्सवर लिमिटर लावून बसू नकोस. तसं केलंस तर बोलणं आणि ढोल एका पातळीवर येतील आणि पथकात दम आहे हे कळणारच नाही. बोलणं मायनस २३ च्या आसपास बसव, वादनाला ५-६ ने वर जाऊ दे, मग शेवटी इंटिग्रेटेड (आख्ख्या प्रोग्रामचा) आकडा बघून सगळं मिळून एक-दीड खाली घे. हाताने फेडर ओढून कर, वेळ लागतो, लागू दे.

ट्रू पीक मायनस ३ म्हणजे तुझ्या चॅनलने जरा कडक धरलंय, आर १२८ मध्ये मायनस १ आहे. दोन सॅम्पलच्या मध्ये लाट किती उंच जाते ते साध्या पीक मीटरला दिसत नाही, पुढे ट्रान्समिशनला परत एन्कोड होताना तिथे फुटतं, म्हणून ती जागा सोडायची. ताशा तिथेच फुटतो बरं का. यूट्यूबसाठी साधारण मायनस १४ वर काढायची तुला सवय असेल, तीच फाईल इकडे दिलीस तर ९ ने मोठी, पहिल्याच मिनिटाला परत.

आणि रेकॉर्डिंगलाच फुटलेलं असेल तर मी काही करू शकत नाही. लोक म्हणतात ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर होता काळजी नाही. अरे पण माइकचाच पडदा ताशासमोर हात टेकतो ना, रेकॉर्डर काय करणार त्याला.

कोथरूडचा_कटर

ताई, ताशाचं वाचून आत्ता लगेच मीटर लावून बघितलं, खरंच तसंच आहे, ढोलाचा ट्रॅक म्यूट केला तर आकडा जेमतेम हलतो.

एम अँड ई चं सांगा ना. एक मुलाखत सराव चालू असतानाच घेतलीये, मागे ५० ढोल. आवाज काढायचा कसा?

आवाज_बंद_कर_ना

एम अँड ई म्हणजे बोलणं सोडून बाकी सगळं, संगीत आणि इफेक्ट. उद्या त्यांना हिंदीत किंवा तमिळमध्ये न्यायचं असेल तर फक्त आवाज बदलायचा. पथक वाजवताना दिसतंय ते सगळं त्यात राहणार, ते बोलणं नाही. मुलाखतीत मात्र माणसाचा आवाज काढला की त्याच्या मागचा ढोलही जातो, मग तिथे खड्डा पडतो, तो भरावा लागतो. त्याच जागी त्याच अंतरावरून सरावाचा नुसता आवाज रेकॉर्ड केलाय का? वाइल्ड ट्रॅक? नसेल तर अजून पथकांचा सराव चालू आहे, रेकॉर्डर घेऊन नदीपात्रात जा, मुलाखत जिथे झाली तिथेच उभा राहा आणि सलग ५ मिनिटं घेऊन ये, कुणी "दादा चॅनलवर येणार का" विचारलं तर उत्तर देऊ नकोस. ठेका तोच घे जो मागे वाजत होता, नाहीतर जोड कळतो. एआयने आवाज वेगळा करणारी टूल्स आहेत पण मागे एवढे ढोल असताना बोलण्याची भुतं उरतात, मराठीची कुजबुज आणि वर हिंदी डब.

आधी चॅनलला एक विचार, डॉक्युमेंटरीला बऱ्याचदा डबिंग न करता मूळ आवाज हळू ठेवून वर दुसऱ्या भाषेचं बोलणं टाकतात. तसं असेल तर पूर्ण भरलेली एम अँड ई लागणारच नाही, मुलाखतीचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर दिला की काम होतं, तुझे दोन दिवस वाचतील.

नळस्टॉप_ऑनलाइन

राहिलेलं पटापट. टेक्स्टलेस म्हणजे जिथे जिथे नाव, पट्टी, टायटल आहे ते शॉट अक्षरांशिवाय, बहुतेक जण प्रोग्राम संपल्यावर काळं सोडून त्याच फाईलमध्ये मागे लावून मागतात, कागदात बघ. अक्षरं कडेला चिकटवू नको, वर कोपऱ्यात त्यांचा लोगो आणि खाली त्यांची पट्टी येणार आहे.

लीगल रेंजला तुझा घात करणार ते भगवे ध्वज आणि गुलाल. ८ बिटमध्ये काळा १६ ला आणि पांढरा २३५ ला असतो, एलईडीच्या उजेडात भगवा आणि गुलाबी रंगाचं सॅच्युरेशन एवढं चढतं की ब्राइटनेस ठीक असूनही रंग बाहेर जातो. वेक्टरस्कोप (रंगाचा मीटर) बघून फक्त तेवढाच रंग खाली घे, पूर्ण शॉट फिका करू नकोस. शेवटी ब्रॉडकास्ट सेफ फिल्टर लाव पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, तो ध्वजाच्या घड्याच खाऊन टाकतो.

फ्लॅशिंगची टेस्ट म्हणजे अपस्माराचा त्रास असणाऱ्यांसाठी, सेकंदाला ३ पेक्षा जास्त लखलखाट नको. १९९७ ला जपानमध्ये एका कार्टूनमुळे शेकडो मुलं हॉस्पिटलात गेली होती तेव्हापासून सगळे जागे झाले. मिरवणुकीतले डीजेचे दिवे आणि फोटोग्राफरचे फ्लॅश असतील ते शॉट आधीच बाजूला काढ.

कोथरूडचा_कटर

सगळ्यांचे आभार, डायरेक्टर २५ ला तयार झाला, पट्टी चढेल म्हणल्यावर लगेच, तो स्वतः पथकात वाजवायचा. उद्या नदीपात्रात जातोय रेकॉर्डर घेऊन. फाईल प्रोरेस एचक्यू फॉरमॅटमध्ये मागितलीये, ड्राइव्हवर द्यायचीये, केवढी होईल?

नळस्टॉप_ऑनलाइन

१०८० ला २५ वर सेकंदाला १८४ मेगाबिट, म्हणजे २२ मिनिटांचे ३० जीबीच्या आसपास, बार्स आणि टेक्स्टलेस धरून ४० पकड. ड्राइव्ह एक्सफॅट कर, फॅट ३२ वर ४ जीबीच्या वर फाईल जात नाही. फाईलचं नाव कागदात दिलंय तस्संच, देवनागरी नको, मध्ये स्पेस नको, फायनल_फायनल_२ तर नकोच. आणि ड्राइव्ह जुना दे, परत मिळत नाही.